लेशेक बाल्त्सेरोविच : पोलंडची अर्थव्यवस्था उलटी फिरवणारा अर्थमंत्री

ओद्राकाठचा :

नमस्कार मंडळी. नोकरीनिमित्त पोलंडमध्ये व्रोत्सवाफला राहतो, आणि हा धागा काढायचं बरेच दिवस डोक्यात होतं. इथे पन्नाशीपुढच्या कुठल्याही माणसासमोर बाल्त्सेरोविच हे नाव नुसतं काढा, तो तुम्हाला अर्धा तास सोडत नाही. कुणी म्हणतं त्याने देश वाचवला, कुणी म्हणतं त्याने आमचं गाव मारलं, आणि हे दोन्ही बोलणारे एकाच ऑफिसात, कधीकधी एकाच घरात असतात. आपल्याकडे लेक वालेसा माहितीये, सॉलिडॅरिटी माहितीये, पण कम्युनिस्ट सत्ता गेल्यावर दुसऱ्या दिवशी दुकान कसं चालायचं हे ज्याने ठरवलं त्याच्याबद्दल मराठीत मला काही धड वाचायला मिळालं नाही, म्हणून जमेल तसं लिहितो.

जन्म १९ जानेवारी १९४७, लिप्नो नावाच्या लहानशा गावातला. वॉर्सॉत अर्थशास्त्र शिकला, १९७० ला पदवी, मग १९७४ ला न्यूयॉर्कच्या सेंट जॉन्स विद्यापीठातून एमबीए. कम्युनिस्ट पक्षाचा सभासद होता, १९६९ ते १९८१, तेव्हाचा कम्युनिस्ट सत्ताधीश जारुझेल्स्की याने डिसेंबर १९८१ ला मार्शल लॉ लावल्यावर पक्ष सोडला. १९७८ पासून त्याने आपल्या वयाच्या अर्थतज्ज्ञांचा एक गट जमवला होता आणि ही मंडळी नियमित बसून चर्चा करायची, आपली व्यवस्था बदलायचीच झाली तर नेमकं काय काय बदलावं लागेल, कुठल्या क्रमाने. तेव्हा यातलं काही प्रत्यक्षात येईल असं कुणालाच वाटत नव्हतं. पण कागद तयार होते, हे महत्त्वाचं.

आता १९८९ कडे या. शेवटच्या कम्युनिस्ट सरकारने १ ऑगस्टला खाद्यपदार्थांच्या किमती मोकळ्या सोडल्या, आणि राउंड टेबलच्या, म्हणजे सरकार आणि सॉलिडॅरिटीच्या, वाटाघाटीत पगार महागाईला बांधून द्यायचं ठरलेलं, म्हणजे किमती वाढल्या की पगार वाढणार, पगारासाठी सरकार नोटा छापणार, नोटा आल्या की परत किमती वाढणार. ऑक्टोबर १९८९ या एका महिन्यातली महागाई ५४.८ टक्के! वर्षाची नाही, महिन्याची. माझ्या घरमालकीणबाई तेव्हा शाळेत शिकवायच्या, त्या सांगतात की पगार हातात आला की त्याच संध्याकाळी तो संपवायचा, लागो न लागो, साखर, साबण, मिळेल ते घरात आणून टाकायचं. त्यांच्या ड्रॉवरमध्ये अजून एक दहा लाख झ्लॉटीची (इथलं चलन) नोट आहे, त्यावर रेयमोंट या नोबेल मिळालेल्या लेखकाचं चित्र, ती मी हातात घेऊन बघितलीये. ती नोट १९९१ ची, म्हणजे आग विझत आल्यावरची. १ जानेवारी १९९५ ला चलनातले चार शून्य कापले तेव्हा त्या दहा लाखांचे नवे शंभर झ्लॉटी झाले.

तर माझोव्येत्स्की पंतप्रधान झाले, पूर्व युरोपातले पहिले बिगर-कम्युनिस्ट. अर्थमंत्री व्हायला कुणी तयार होईना, आधी ज्यांना विचारलं त्यांनी नाही म्हटलं, आणि मग ही जबाबदारी ४२ वर्षांच्या बाल्त्सेरोविचवर आली. १२ सप्टेंबरला सेयममध्ये (त्यांची लोकसभा) सरकारचं भाषण करताना माझोव्येत्स्कींना उभ्या उभ्या चक्कर आली, बाहेर नेलं, थोड्या वेळाने परत येऊन ते म्हणाले की माझी अवस्था पोलंडच्या अर्थव्यवस्थेसारखी झाली होती, पण मी सावरलो, तीही सावरेल. सगळं सभागृह उभं राहिलं.

पुढचे साडेतीन महिने अर्थखात्यात रात्रंदिवस काम चाललं. १० कायद्यांचं एक गाठोडं, ते डिसेंबरात सेयममध्ये मांडलं, नाताळच्या आगेमागे पास झालं, ३१ डिसेंबरला राष्ट्राध्यक्षांची सही. राष्ट्राध्यक्ष कोण, तर जारुझेल्स्कीच. १ जानेवारी १९९० ला सगळं एकदम लागू. बहुतेक किमती मोकळ्या, कोळसा आणि विजेचे दर एका झटक्यात कित्येक पट, सबसिडी कापल्या, सरकारी तूट भरायला नोटा छापणं बंद, आणि डॉलरचा भाव ९५०० झ्लॉटीला ठोकून बसवला आणि कुणीही बँकेत जाऊन बदलून घ्या म्हणून सांगितलं. सरकारी कंपन्यांनी ठरलेल्या मर्यादेपलीकडे पगार वाढवले तर वाढीव रकमेच्या कित्येक पट दंडासारखा कर, त्याला लोक पोपिवेक म्हणायचे आणि तो शब्द अजून शिवीसारखा वापरतात. मध्यवर्ती बँकेचा जानेवारीतला व्याजदर ३६ टक्के, तोही महिन्याचा.

जानेवारीत महागाई ७९.६ टक्के झाली. म्हणजे त्यांनी जेवढी धरली होती त्याच्या कितीतरी जास्त. विचार करा, तुम्ही अर्थमंत्री आहात, महागाई मोडायला आलात आणि पहिल्याच महिन्यात किमती दुपटीच्या जवळ गेल्या. तो हलला नाही. फेब्रुवारीत २३.८, मार्चमध्ये ५ च्या आत. आणि दुकानांत माल आला. वॉर्सॉत लोकांनी फोल्डिंगच्या खाटा फुटपाथवर टाकून त्यावर माल मांडला, ट्रकच्या फळीवरून मांस विकायला लागले, छोट्या फियाटमधून पश्चिम बर्लिनला जाऊन माल आणायचा आणि इथे विकायचा. रांगा संपल्या. चाळीस वर्षांच्या रांगा काही आठवड्यांत संपल्या हे इथले लोक आजही हात हलवून हलवून सांगतात.

आता माझं म्हणणं. तो वेगाबद्दल शंभर टक्के बरोबर होता असं मला वाटतं. पण त्याच्या शेजारी मंत्रिमंडळात यात्सेक कुरोन नावाचा माणूस होता, आणि त्याच्याशिवाय ही योजना सहा महिनेसुद्धा टिकली नसती. त्याबद्दल पुढे लिहितो, आधी तुमची मतं येऊ द्या.

गोदातीर :

उत्तम धागा, वाचनखूण साठवली. एक प्रश्न. आपल्याकडे १९९१ ला मनमोहन सिंगांनीही संकटातच सुधारणा केल्या, सोनं गहाण पडलं होतं, जुलैत दोन टप्प्यांत रुपयाचं अवमूल्यन केलं, पण सगळं एका रात्रीत केलं नाही, बऱ्याच गोष्टी दहा-दहा वर्षं चालल्या, काही अजून चाललेल्या आहेत. मग पोलंडला एवढी घाई कशाला? हळूहळू केलं असतं तर लोकांचे हाल कमी झाले नसते का?

ओद्राकाठचा :

@गोदातीर, आपली परिस्थिती वेगळी होती हो. आपल्याकडे किराणा दुकान खाजगी, शेती खाजगी, शेअर बाजार होता, बँकेचा चेक कसा वटतो हे लोकांना माहीत होतं. महागाई होती पण वर्षाला तेरा-चौदा टक्क्यांची. पोलंडमध्ये कारखान्याची किंमत कुणाला माहीत नव्हती कारण कच्च्या मालाची किंमतच खोटी होती. अशा वेळी अर्ध्या किमती मोकळ्या आणि अर्ध्या बांधलेल्या ठेवल्या तर ज्याच्या हातात बांधलेल्या भावाचा माल तो रातोरात श्रीमंत होतो, बाकीचे रांगेत. रशियात तेल आणि धातूंच्या बाबतीत हेच झालं, आतल्या स्वस्त भावाने घ्या आणि बाहेरच्या भावाने विका.

दुसरं म्हणजे त्याचा स्वतःचा एक सिद्धांत होता, तो त्याने नंतर लिहूनही ठेवलाय. मोठा राजकीय बदल झाला की थोडा काळ लोक स्वतःच्या खिशापलीकडे बघतात, त्रास सोसायला तयार असतात, आणि हा काळ फार लहान असतो. त्यात जे केलं ते केलं, नंतर प्रत्येक गट आपापली वीट धरून बसतो. त्याचा हा अंदाज अगदी बरोबर ठरला. नोव्हेंबर १९९० ला राष्ट्राध्यक्षपदाची निवडणूक झाली तर माझोव्येत्स्की तिसरे आले! वालेसा पहिला आणि दुसरा कोण, तर तिमिन्स्की नावाचा कॅनडाहून आलेला उद्योगपती ज्याला वर्षापूर्वी इथे कुणी ओळखत नव्हतं. म्हणजे अकरा महिन्यांत लोकांचा धीर संपला. तोवर कायदे झालेले होते, डॉलर स्थिर होता, मागे फिरणं कुणाला परवडणारं नव्हतं. नवं सरकार आलं त्यानेही बाल्त्सेरोविचलाच ठेवलं, डिसेंबर १९९१ पर्यंत.

लालबागची_पोर :

लेख वाचताना सारखं गिरणगाव डोळ्यासमोर येत होतं. माझे आजोबा खात्यात होते, संपानंतर जे झालं ते आमच्या घराने बघितलंय. पोलंडमध्ये वूच म्हणून शहर आहे ना कापड गिरण्यांचं? तिथे काय झालं ते लिहाल का? कारण महागाई किती टक्क्यांनी उतरली हे वाचताना बरं वाटतं, पण गिरणी बंद झाल्यावर पन्नाशीची बाई काय करते हे त्या टक्क्यात दिसत नाही.

ओद्राकाठचा :

@लालबागची_पोर ताई, तुम्ही नेमकं बोट ठेवलंत. वूचमध्ये गिरण्यांत बायकाच जास्त, तीन-तीन पाळ्या. त्यांचा माल मोठ्या प्रमाणात सोव्हिएत युनियनला जायचा. १ जानेवारी १९९१ पासून तो व्यवहार डॉलरमध्ये करायचा ठरलं आणि सोव्हिएतकडे डॉलर नव्हतेच, वर्षअखेरीस तो देशच राहिला नाही. गिऱ्हाईक गेलं. इकडे कर्जाचं व्याज प्रचंड, तिकडे सीमा उघडल्यामुळे बाहेरचं स्वस्त कापड आलेलं. एकामागून एक गिरण्या बसल्या. एका जुन्या प्रचंड गिरणीच्या आवारात २००६ ला मॉल झाला, मानुफाक्तुरा नाव आहे, लाल विटांच्या भिंती तशाच ठेवल्यात. मी गेलोय. तुम्हाला तिथे काय वाटेल ते मी सांगायची गरज नाही.

माझ्या घरापासून वाउब्झिख हे शहर ट्रेनने जवळ आहे, तिथे तर कोळशाच्या सगळ्या खाणी नव्वदच्या दशकात बंद केल्या. मग लोकांनी शहराच्या कडेला जंगलात स्वतःच खड्डे खणले, माणूस वाकून जाईल एवढे, लाकडाचे टेकू लावलेले, आत उतरून हाताने कोळसा काढायचा, बादलीने वर ओढायचा, पोत्यात भरून विकायचा. बेकायदा. पोलीस यायचे, खड्डे बुजवायचे, हे लोक परत खणायचे. त्यात माणसं गाडली जाऊन मेली. हे दोन हजार सालानंतरही चालू होतं.

आकडे सांगतो. कम्युनिस्ट काळात कागदावर बेकारी शून्य. १९९० अखेर ११ लाखांवर बेकार, १९९१ अखेर २१ लाखांवर, १९९३ अखेर जवळपास २९ लाख, म्हणजे १६.४ टक्के. खरा पगार १९९० ला जवळपास एक चतुर्थांश घटला.

आणि म्हणून कुरोन. हा माणूस कम्युनिस्ट राजवटीत अनेक वर्षं तुरुंगात राहिलेला, डेनिमचं जॅकेट घालून मंत्रालयात जायचा, कामगारमंत्री होता. बेकार भत्ता त्याने चालू केला, त्याला लोक अजूनही कुरोनियुव्का म्हणतात. गरजूंसाठी सूपची केंद्रं उघडली आणि स्वतः पळी घेऊन वाढायला उभा राहिला. आणि दर आठवड्याला टीव्हीवर येऊन लोकांशी साध्या भाषेत बोलायचा, की असं असं झालंय, हे महाग झालंय, का झालंय, तुम्ही काय करू शकता. बाल्त्सेरोविचला हे जमणारं नव्हतं. तो बोलायला लागला की तक्ते, टक्केवारी. माझ्या घरमालकीणबाई म्हणतात, बाल्त्सेरोविच बरोबर आहे हे आम्हाला कळायचं पण ऐकायचो आम्ही कुरोनचं.

शेतीवाला_नाना :

पोलंडच्या शेतकऱ्याबद्दल कुणीच बोलत नाही. माझ्या ऐकिवात आहे की तिथे शेती कम्युनिस्टांनीही सरकारजमा केली नव्हती, मग शेतकरी तर सुधारणांच्या बाजूने असायला हवा होता. तोच विरोधात का गेला?

ओद्राकाठचा :

नाना, बरोबर ऐकलंय तुम्ही. तीन चतुर्थांश जमीन कायम खाजगीच होती, लहान लहान तुकडे. पण व्याजाने घात केला. १९८९ ला ज्यांनी ट्रॅक्टरसाठी, गोठ्यासाठी कर्ज काढलं होतं त्यांचेही जुने करार १ जानेवारीपासून नव्या दराने मोजायला लागले. कर्ज काढताना जो दर होता तो राहिलाच नाही. दूध-डुकराला भाव नाही, बाहेरचं स्वस्त अन्न आलेलं, आणि बँकेचा आकडा महिन्यामहिन्याला फुगतोय. सातबारा गहाण असलेल्या माणसाला ही परिस्थिती समजावून सांगायला नको.

त्यातूनच आंजेय लेपर उभा राहिला, स्वतः कर्जात बुडालेला शेतकरी. रस्ते अडवले, रस्त्यावर धान्य ओतलं, पुढे पक्ष काढून २००१ ला सेयममध्ये आला आणि २००६ ला उपपंतप्रधानसुद्धा झाला. विषय कुठलाही असो, त्याची घोषणा ठरलेली, 'बाल्त्सेरोविचला जावंच लागेल'. ही घोषणा इथे लहान पोरांनाही पाठ होती.

पण त्याहून वाईट झालं ते सरकारी शेतीच्या मजुरांचं. उत्तरेला आणि पश्चिमेला, जर्मनांकडून आलेल्या जमिनीवर, प्रचंड सरकारी फार्म होते, पीजीआर म्हणायचे. चार लाखांवर मजूर. फार्मने त्यांना राहायला चार मजली इमारती दिलेल्या, शेताच्या मधोमध, जवळ दुसरं काही नाही. ऑक्टोबर १९९१ ला कायदा झाला आणि दोन-तीन वर्षांत सगळे फार्म मोडीत काढले. जमीन सरकारी एजन्सीकडे गेली, पुढे विकली, भाड्याने दिली. मजुराला मिळाला तो फ्लॅट. जिथे बस येत नाही अशा ठिकाणचा फ्लॅट, जो कुणी विकत घेणार नाही. गिरणी बंद झालेली बाई निदान शहरात होती, खाट टाकून काहीतरी विकू शकत होती. या लोकांना विकायला गिऱ्हाईकच नव्हतं. बाल्त्सेरोविचच्या सगळ्या कारकिर्दीत मला न पटणारी गोष्ट हीच आहे. फार्म तोट्यात होते हे मान्य. पण तो सगळा भाग दहा कायद्यांतल्या काटेकोरपणाने कुणी विचारात घेतलाच नाही. भत्ता काही काळाने संपला आणि तिथली पोरंही बेकार म्हणूनच मोठी झाली.

मृण्मयी_क :

मी अर्थशास्त्र शिकवते, त्यामुळे थोडा विरोधी सूर लावते. धागाकर्त्याने सगळं श्रेय-अपश्रेय एका माणसाला दिलंय, ते मला जास्त वाटतं. एक, खाजगी धंद्याला परवानगी देणारा कायदा डिसेंबर १९८८ चा, तोही कम्युनिस्ट सरकारातल्या विल्चेक या मंत्र्याचा, म्हणजे खाटा टाकून विकणाऱ्या लोकांना रस्ता आधीच मोकळा होता. दोन, पोलंडवर ४० अब्ज डॉलरच्या आसपास परदेशी कर्ज होतं आणि १९९१ ला पाश्चात्त्य सरकारांनी त्यांच्या वाट्याचं निम्मं माफ करायचं मान्य केलं. असं भाग्य सगळ्यांच्या वाट्याला येत नाही. तीन, १९९३ ला जुने कम्युनिस्टच निवडून आले आणि त्यांच्या काळात, कोवोदको अर्थमंत्री असताना, वाढ सगळ्यात जोरात होती. कोवोदको तर आजही म्हणतात की पहिल्या दोन वर्षांतला धक्का गरजेपेक्षा मोठा होता. हे सगळं मांडल्याशिवाय चित्र पूर्ण होत नाही.

ओद्राकाठचा :

@मृण्मयी_क, विल्चेकचा मुद्दा एकदम मान्य, त्याच्याबद्दल वेगळा धागा व्हायला हवा. पण कायदा जानेवारी १९८९ पासून लागू होता आणि दुकानं तरी रिकामीच होती, कारण उद्या भाव दुप्पट होणार असेल तर आज कोण विकेल? माल बाहेर आला तो पैसा स्थिर झाल्यावर. कर्जमाफीचंही तसंच, आधी तुम्ही काहीतरी करून दाखवलंत तर कर्ज देणारे बोलतात. झ्लॉटीला आधार म्हणून परदेशातून १ अब्ज डॉलरचा निधी मिळाला होता, त्यातला एक डॉलर वापरावा लागला नाही. लोकच डॉलर विकून झ्लॉटी घ्यायला लागले, कारण व्याज जास्त मिळत होतं.

कोवोदकोंच्या काळात वाढ चांगली झाली हे खरंच आहे. पण त्यांनी किमती परत बांधल्या नाहीत, नोटा छापल्या नाहीत, पाया तोच ठेवला. जुने कम्युनिस्ट सत्तेवर आले आणि तरीही मागे गेले नाहीत, याच्याइतका मोठा पुरावा मला दुसरा दिसत नाही. १९९६ मध्ये पोलंडचं उत्पन्न १९८९ च्या पातळीवर परत आलं, पूर्वीच्या सगळ्या कम्युनिस्ट देशांत पहिलं. युक्रेनला ते कधी जमलंच नाही.

वळिवडेकर :

कोल्हापूरकर असल्यामुळे पोलंडचं नाव दिसलं की धागा उघडतोच, आमच्या वळिवड्यात १९४३ ते ४८ पोलिश निर्वासितांची छावणी होती, घरात त्यांच्या गोष्टी ऐकतच वाढलो. मला विचारायचंय ते एवढंच की हा माणूस पुढे काय झाला? राजकारणात टिकला का?

ओद्राकाठचा :

@वळिवडेकर दादा, इथे कोल्हापूर म्हटलं की अजून काही वयस्कर माणसांचा चेहरा खुलतो.

राजकारणात टिकला, आणि स्वभाव न बदलता. १९९५ ला फ्रीडम युनियन पक्षाचा अध्यक्ष झाला, १९९७ ते २००० परत उपपंतप्रधान आणि अर्थमंत्री. मग २००१ ते २००७ मध्यवर्ती बँकेचा प्रमुख. १९९९ ला महागाई एकआकडी झाली होती, बँकेत आल्यावर ती त्याने आणखी खाली आणली, पण त्याच काळात बेकारी २० टक्क्यांपर्यंत गेली आणि व्याजदर उतरवायला उशीर केला म्हणून खूप टीका झाली. मला ती टीका बऱ्याच अंशी योग्य वाटते. २००५ ला व्हाइट ईगल हा इथला सर्वोच्च सन्मान मिळाला.

बँकेतून बाहेर पडल्यावर संस्था काढली आणि वॉर्सॉच्या अगदी मध्यात सरकारी कर्जाचा आकडा दाखवणारं घड्याळ लावलं, २०१० ला, तेही आपल्याच जवळच्या लोकांचं सरकार असताना. तेव्हाचे अर्थमंत्री रोस्तोव्स्की हे १९८९ ला त्याचे सल्लागार होते. त्यांनी पेन्शन फंडात जाणारा पैसा सरकारी तिजोरीकडे वळवायचं ठरवलं तर हा विरोधात उभा राहिला आणि मार्च २०११ ला दोघांचा टीव्हीवर उघड वादविवाद झाला. लोकप्रियतेच्या दृष्टीने त्यातून त्याला काहीही मिळणार नव्हतं.

लालबागची_पोर :

एक राहिलं. तो कधी त्या पीजीआरच्या लोकांबद्दल बोलला का? माफी वगैरे नाही म्हणत, नुसतं बोलला का?

ओद्राकाठचा :

ताई, त्याची भूमिका कायम एकच राहिली, की हे फार्म आधीच मेलेले होते आणि उशीर केला असता तर जास्त लोक बुडाले असते. आकड्यांनी तो ते सिद्धही करू शकतो. कुरोनने मात्र नंतर जाहीरपणे म्हटलं की आपण सामान्य माणसाला पुरेसं बरोबर घेतलं नाही. दोघे एकाच मंत्रिमंडळात बसून एकाच कायद्यांच्या बाजूने उभे होते. कुरोन २००४ ला गेला. कोशालिन, स्वुप्स्क या भागात त्या इमारती अजून आहेत, तरुण बरेचसे २००४ नंतर, युरोपियन युनियनमध्ये गेल्यावर, इंग्लंड-आयर्लंडला निघून गेले. तिकडे जाणं झालं तर फोटो टाकतो, आणि विल्चेकच्या धाग्यासाठी @मृण्मयी_क, तुम्ही सुरुवात केलीत तर मी इथली माहिती पुरवतो.